खात्रीसर

खात्रीसरांना कुठलीही गोष्ट सांगितली की ते आधी चष्मा कपाळावर सरकवायचे, समोरच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचे आणि एकच शब्द विचारायचे, ‘‘खात्री?’’ प्राचार्य येतायत, असं सांगितलं तरी खात्री. चहात साखर घातलेली नाही म्हटलं तरी खात्री. एकदा पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं ‘‘सर, मी प्रज्ञा’’ अशी ओळख करून दिली, तेव्हाही सवयीनं तो शब्द त्यांच्या तोंडून गेला आणि ती बिचारी क्षणभर स्वतःच विचारात पडली. त्यांचं आडनाव अष्टमकर. पण पेणच्या आमच्या कॉलेजात ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. मुलं, शिपाई, सगळे त्यांना खात्रीसरच म्हणायचे, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांचं घर अष्टमीत, रोह्याहून कुंडलिका नदीचा पूल ओलांडला की बाजाराच्या मागच्या अंगाला. कोकणातल्या ज्यू लोकांपैकी, म्हणजे बेने इस्राएलांपैकी, जी थोडी घरं अजून इकडे राहिली होती त्यांतलं ते एक. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि धर्माप्रमाणे शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवारतेली म्हटलं. घाणा कधीच गेला. शनिवार मात्र राहिला. त्या दिवशी सर कॉलेजला येत नसत, गाडीत बसत नसत, फोनही उचलत नसत. नोकरी त्यांनी रोह्याच्या बाजूला एका केमिकल कंपनीत केली, कंट्रोल रूममध्ये, यंत्रांनी दाखवलेले आकडे वाचण्याची. ‘‘आधी काटा अडकलाय का ते बघायचं, मग आकडा वाचायचा,’’ हे ते तिथं शिकले. निवृत्त झाल्यावर आमच्या संस्थेनं त्यांना कॉम्प्युटर लॅबसाठी बोलावलं. लॅब माझ्याकडे होती. म्हणजे कागदोपत्री ते माझ्या हाताखाली होते, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, ‘‘माधवीबाई, या लॅबमधलं तुम्ही स्वतः तपासलेलं असं काय काय आहे?’’

तेव्हा आम्ही एक मोठं काम अंगावर घेतलं होतं. धरमतरच्या खाडीकाठी खारेपाटातली शेती समुद्रसपाटीला लागून आहे. उधाणाचं पाणी अडवतो तो मातीचा बांध. त्याला खांड पडली की खारं पाणी भातात शिरतं आणि पुढची काही वर्षं ती जमीन पिकत नाही. मोठ्या उधाणाला बांध कुठं अपुरा पडेल हे गणितानं आधी सांगता येईल का, असा आमचा प्रयत्न होता. गणित तयार होतं. पण ते एका कॉम्प्युटरवर टाकलं की दिवसच्या दिवस चालायचं. मोठा कॉम्प्युटर घेण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून जे होतं ते जोडायचं ठरलं. लॅबमधली जुनी मशीनं, एका कंपनीनं काढून टाकलेली आणखी जुनी मशीनं, आणि संस्थेनं घेतलेली दोन नवी कोरी. प्रत्येकाची कंपनी वेगळी, ताकद वेगळी, वयही वेगळं.

अशी मशीनं एकत्र राबवायला एक सॉफ्टवेअर असतं. ते कामाचे तुकडे पाडतं, प्रत्येक मशीनला एकेक तुकडा देतं, आणि मशीनं आपसांत निरोप पाठवत काम पुरं करतात. आमच्या बाबतीत खाडीचे तुकडे पाडले होते. एका मशीनकडे पुलाजवळची खाडी, दुसऱ्याकडे जेट्टीजवळची, तिसऱ्याकडे बांधालगतची. माझ्या तुकड्यात पाणी इतकं चढलं, तुझ्याकडे किती, असं ती एकमेकांना विचारत राहणार. मला वाटलं होतं की सॉफ्टवेअर सगळीकडे बसवलं की झालं. सरांनी विचारलं, सगळीकडे एकच आवृत्ती बसली आहे का. नव्हती. जुन्या मशीनवर जुनी, नव्यावर नवी, आणि दोन्ही एकमेकांचे निरोप घेईनात. सरांनी सगळ्यांवरचं काढून टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून, एकेका मशीनजवळ बसून, तीच आवृत्ती चढवली. मग नव्या मशीनवर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर सुरू होताक्षणी बंद पडू लागला, कारण नव्याला कळणाऱ्या काही सूचना जुन्याला कळतच नव्हत्या. तो पुन्हा सगळ्यांना झेपेल असा बांधावा लागला.

मशीनांवरच काय, सरांचा माणसांवरही विश्वास नव्हता. कंपनीतून आलेल्या मशीनांपैकी दोन रोज सकाळी बंद पडलेली सापडायची. सरांना लॅब अटेंडंट घरत यांचा संशय आला. घरतमामा झाडू मारताना वायर काढतात, नाहीतर कुणाच्या तरी सांगण्यावरून मुद्दाम बंद करतात, असं त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. मग ते सकाळच्या पहिल्या एसटीनं येऊन लॅबच्या कोपऱ्यात पेपर उघडून बसू लागले. घरतमामा यायचे, झाडायचे, सरांना नमस्कार करून जायचे. एके दिवशी सरांच्या देखत, कुणी हात न लावता, ती दोन मशीनं धपकन बंद झाली. त्याच वेळी मागच्या बाजूला कॉलेजचा पाण्याचा पंप सुरू झाला होता. पंपानं वीज ओढली की या दोघांना ती पुरत नव्हती, इतकंच.

इथं दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. सर मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये घरतमामांपुढे उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की मी तुमच्यावर संशय घेतला होता, तो चुकीचा होता, मला माफ करा. घरतमामांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, ‘‘सर, मला तर ठाव पण नव्हता. आता झाला.’’ आणि त्या दिवसापासून ते सरांशी बोलेनासे झाले. सरांचा चहा ते टेबलावर ठेवायचे आणि तोंड फिरवून जायचे. सरांना याचं वाईट वाटलं, पण आपण सांगायला नको होतं असं ते कधीच म्हणाले नाहीत.

अखेर मशीनं जुळली. सगळी मिळून गणिताला बसली आणि एका दुपारीच उत्तर आलं. ज्या गावाच्या बांधाची सगळ्यांना काळजी होती, तो येत्या उधाणाला टिकणार होता. पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर थांबत होतं. आम्ही पेढे वाटले. संस्थेच्या एका विश्वस्तांनी लगेच कार्यक्रम ठरवला. गावकऱ्यांना कॉलेजात बोलवायचं, पडद्यावर खाडी दाखवायची, बांध सुरक्षित असल्याचं जाहीर करायचं. दिवस ठरला शनिवारचा. तो शनिवार मुद्दाम निवडला असं काहीजण म्हणाले, पण तेही कुणाला खरं माहीत नव्हतं.

सरांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. त्यांनी आम्हाला न सांगता तेच गणित एका नव्या मशीनवर एकट्यानं चालवत ठेवलं होतं. ते अनेक दिवस रांगत होतं आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात पुरं झालं. त्या एकट्या मशीनचं उत्तर उलट होतं. बांधाच्या पूर्वेच्या वळणावर पाणी माथ्यावरून आत पडत होतं. सर कागद घेऊन प्राचार्यांकडे गेले. मीही सोबत होते. विश्वस्त तिथंच बसले होते. ते म्हणाले, इतकी मशीनं एक सांगतायत आणि तुमचं एक मशीन वेगळं सांगतंय, तर कुणाचं धरायचं हे उघड आहे.

सर म्हणाले, ‘‘दोन साक्षीदार वेगळं बोलतायत, म्हणजे एकजण तरी चुकतोय. कोण, ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा.’’

गोष्ट तासाभरात कॉलेजभर झाली आणि संध्याकाळपर्यंत गावात पोचली. खाडीकाठच्या जमिनींवर गोदामं आणि जेट्ट्या करू पाहणाऱ्यांचा डोळा आहे, हे खारेपाटात कुणाला नवं नाही. बांध धोक्यात आहे असं एकदा जाहीर झालं की जमिनीचे भाव पडणार, भ्यालेली माणसं विकून मोकळी होणार. आणि हा अष्टमीचा म्हातारा उभा जन्म कंपनीत राहिलेला. दोन आणि दोन चार करायला लोकांना वेळ लागला नाही. बांधाच्या कमिटीतले धर्मादादा म्हात्रे दुसऱ्या दिवशी लॅबच्या दारात आले. त्यांची स्वतःची शेती त्याच वळणाला होती. सरांकडे न बघता ते मला म्हणाले, ‘‘बाई, तुमची मशिना एक बोलतान नि यो मानूस दुसराच बोलतंय. आमी कोनाचा आयकाचा? नि याला कोनी पाठवलाय, ते पन आमाला सांगा.’’

सर ऐकत होते.

माझ्याही मनात पाल चुकचुकलीच. सगळ्या मशीनांचा पासवर्ड सरांकडे होता. एकट्या मशीनवर त्यांनी काय चालवलं, ते मी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जायचं सोडून मी त्यांच्याबरोबर रोह्याच्या एसटीत बसले. उतरल्यावर पुलावरून चालताना मी त्यांना सरळ विचारलं की तुम्ही गणितात कुठं काही बदललंत का.

ते थांबले. मला वाटलं, आता हे दुखावणार. त्यांचा चेहरा उलट सैलावला. ‘‘हे कुणीतरी विचारायला हवं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘तू विचारलंस ते बरं झालं. पण मी नाही म्हणतोय म्हणून विश्वास ठेवू नकोस. उद्या सकाळी माझा पासवर्ड बदल. मला खोलीबाहेर बसव. आणि एकेका मशीनला वेगळं गाठून तोच प्रश्न विचार. सगळ्यांना एकत्र विचारलं की ती एकमेकांना सांभाळून घेतात.’’ पहिल्यांदाच त्यांनी मला अगंतुगं केलं होतं. घरी त्यांच्या पत्नीनं, रिवकाकाकूंनी, आम्हाला चहा दिला आणि त्या म्हणाल्या, ‘‘काय गो, तुलापण यांनी कामाला लावला वाटतं.’’

दुसरा दिवस शुक्रवार. मी सरांचा पासवर्ड बदलला. सर व्हरांड्यातल्या बाकावर बसले. येणारे जाणारे त्यांच्याकडे बघत होते आणि ते बघू देत होते. आत मी प्रत्येक मशीनला तीच साधी गोष्ट विचारत गेले, की पूर्वेच्या वळणावर बांधाची उंची तुझ्याकडे किती नोंदलेली आहे. नव्यांनी सांगितली ती बरोबर होती. जुन्यांचीही बरोबर. मग कंपनीतून आलेल्या मशीनांची पाळी आली. त्यांतल्या दोघांनी बांध वीतभराहून जास्त उंच सांगितला.

मी त्या दोघांवरच्या आकड्यांची तारीख पाहिली आणि मग सगळं कळलं. बांधाची मोजणी आम्ही दोनदा केली होती. पहिल्या मोजणीनंतर त्या वळणावरची माती बसली, म्हणून पुन्हा मोजून नवे आकडे सगळ्या मशीनांवर पाठवले होते. पाठवताना ही दोन मशीनं पंपामुळे बंद पडलेली होती. नवे आकडे त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत. ती मुकाट्यानं जुन्याच आकड्यांवर काम करत राहिली, आणि नेमका बांधालगतचा तुकडा त्यांच्याच वाट्याला आला होता. सॉफ्टवेअरचा दोष नव्हता, मशीनांचा नव्हता, सरांचा तर नव्हताच. आकडे एकाच जागी ठेवून सगळ्यांनी तिथूनच वाचावेत, असं सरांनी सुरुवातीलाच सुचवलं होतं. घाईत ते राहून गेलं होतं.

मी बाहेर येऊन त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, घड्याळाकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू व्हायचा, त्याच्या आत त्यांना घर गाठायचं होतं. ‘‘आकडे दुरुस्त कर आणि पुन्हा चालव,’’ एवढंच म्हणाले. मी म्हटलं, सर, उद्या सगळ्यांसमोर मी काय बोलू. ते म्हणाले, जे उत्तर येईल ते बोल, आणि माझं नाव घेऊ नकोस, नाहीतर लोक आकडा सोडून माझ्याच मागे लागतील.

शनिवारी सकाळी उत्तर आलं. आता सगळी मशीनं मिळूनही तेच सांगत होती. पूर्वेच्या वळणावर पाणी बांधावरून जाणार. मी कार्यक्रमाआधी विश्वस्तांना गाठून सांगितलं. त्यांनी सुचवलं की आज नुसतं सादरीकरण करू, उत्तराचं पुढं बघू. हॉल भरलेला होता. मी माइकपुढे उभी राहिले तेव्हा ज्यांना फोन करून धीर मागावा ते गृहस्थ फोन उचलणार नव्हते. मी सांगितलं की आमचं आधीचं उत्तर चुकीचं होतं, कसं चुकलं तेही सांगितलं, आणि मग नवं उत्तर सांगितलं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. विश्वस्त उठून बाहेर गेले.

धर्मादादा उभे राहिले. ‘‘मंग यो तरी खरा कशावरना?’’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ‘‘दादा, आता एकट्या मशीनचं आणि सगळ्यांचं उत्तर जुळतंय. चूक कुठं होती ती सापडली आहे. याहून जास्त माझ्याकडे काही नाही. तुम्ही स्वतः त्या वळणावर जाऊन बघा, माती बसली आहे की नाही ते.’’

ते खाली बसले नाहीत. तसेच बाहेर पडले आणि त्यांच्यामागे पाच-पंचवीस माणसं गेली. संध्याकाळी कळलं की ते खरोखरच दोरी घेऊन बांधावर गेले होते. पुढच्या आठवड्यात गावानं ते वळण भरायला घेतलं. गावातली माणसं, बाया, वाडीवरून आलेले मजूर, सगळ्यांनी खाडीतला चिखल घमेल्यांनी वर चढवला. सरही एकदा बघायला आले. धर्मादादांनी त्यांना पाहिलं, पण जवळ काही आले नाहीत.

उधाण आलं, आणि सोबत वाराही होता. पाणी नव्या मातीच्या निम्म्यापर्यंत चढलं, तिथं घुटमळलं आणि ओहोटीबरोबर उतरलं. भात वाचलं. माती टाकली नसती तर पाणी आत आलं असतं, हे बांधावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. मला वाटलं, आता तरी सर खूश होतील. ते म्हणाले की हे एक उधाण झालं, एकावरून गणित खरं ठरत नाही. आपल्या बाजूनं काही घडलं की ते जास्तच सावध व्हायचे. पण त्या आठवड्यात धर्मादादा ताज्या कोळंबीची पिशवी घेऊन लॅबमध्ये आले. सरांच्या धर्मात कोळंबी चालत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आभार मानले, आणि धर्मादादा गेल्यावर घरतमामांच्या टेबलावर नेऊन ठेवली. घरतमामांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, ‘‘ताजी हाय का?’’ बऱ्याच महिन्यांनी ते सरांशी बोलले होते.

पुढच्या वर्षी सर आणि काकूंचं मुलीकडे इस्रायलला कायमचं जायचं ठरलं. जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी घरी मलिदा केला. गोड पोहे, खोबरं, फळं असा तो प्रसाद असतो. प्रार्थना म्हणायला ठरावीक संख्येनं पुरुष लागतात, ते अलिबागकडच्या गावांतून गोळा करून आणावे लागले. प्रार्थना झाल्यावर काकू स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. सर पाहुण्यांना पोहे वाढत राहिले.

जायच्या दिवशी त्यांची गाडी विमानतळाकडे जाताना पेणला कॉलेजच्या फाटकाशी थांबली. काकू गाडीतच बसून राहिल्या. सर उतरले, पण लॅबकडे आले नाहीत. मला बाहेरच बोलावलं. मग इतक्या वर्षांचं मनात राहिलेलं मी विचारून टाकलं. ‘‘सर, माझं एकही काम तुम्ही न तपासता कधी स्वीकारलं नाहीत. तुमचा माझ्यावर कधीच विश्वास बसला नाही का?’’

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, ‘‘कंपनीत एक मुलगा होता माझ्या हाताखाली. हुशार होता. मला आवडायचा, म्हणून मी त्याचं काम बघायचं सोडून दिलं. एकदा त्याच्या हातून वाल्व चुकला. डोळे गेले त्याचे.’’ मग ते म्हणाले, ‘‘माया असली की बघावं लागतं गो.’’

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सर गाडीत बसले, काकूंनी खिडकीतून माझा हात धरला आणि सोडला. गाडी मुंबईच्या दिशेनं निघून गेली. दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं प्रॅक्टिकल सुरू झालं होतं. मी आत गेले, खुर्चीवर न बसता पहिल्या बाकापाशी उभी राहिले, आणि त्या मुलानं काय लिहिलंय ते पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.